इन्सुलिनचे माप

विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून पनवेलमधील एका शाळेत गेलो होतो. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत चहा आणि बटाटेवडे आले. मराठीच्या बाईंनी बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही घ्या. माझं जेवण एक वाजता. आता वडा खाल्ला तर इन्सुलिनचं एक माप जास्तीचं पडेल." शेजारी बसलेल्या भूगोलाच्या बाईंनी पर्समधून छोटासा डबा काढला. त्यात चार बदाम आणि एक केळे होते. "माझं उलट आहे. मी दर दोन तासांनी खाते, म्हणजे शरीराचं यंत्र चालू राहतं." गंमत अशी, की दोघींचेही वजन उतरलेले होते आणि दोघींनाही आपले शास्त्र पटलेले होते.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या गणिताच्या सरांकडे लक्ष गेले. त्यांना दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते आणि साध्या प्रश्नालाही ते नीट उत्तर देत नव्हते. मधुमेहाची गोळी त्यांनी सकाळी नेहमीप्रमाणे घेतली होती, पण आठवड्यापूर्वी नाश्ता बंद केला होता. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले. "अहो, मी फक्त मापं कमी केली," एवढेच ते म्हणाले.

हे 'माप' काय आहे, ते खरेच पडते का, आणि ती कल्पना चुकीची असेल तर तिच्यामुळे काय बिघडते, हे या लेखात तपासू.

कल्पना आली कुठून?

महाराष्ट्रात ही कल्पना घरोघरी पोहोचवली ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. मूळ विचार नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. ते वैद्यकीय पदवीधर होते, राज्यात मंत्री होते आणि अनेक पदव्यांसाठी प्रसिद्ध होते. २००४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. डॉ. दीक्षित यांनी त्यांचा सल्ला स्वतःवर आजमावला आणि पुढे व्याख्यानांतून व 'विनासायास वेटलॉस' या पुस्तकातून तो मांडला. २०१८ मध्ये राज्य शासनाच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने त्यांना स्थूलताविरोधी मोहिमेचे सदिच्छादूत नेमले. त्याच सुमारास 'दीक्षित की दिवेकर' हा वाद लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत रंगू लागला. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खावे असे सांगितले होते. मराठीच्या बाई आणि भूगोलाच्या बाई या दोन पक्षांच्या प्रतिनिधी होत्या.

डॉ. दीक्षितांची पद्धत थोडक्यात अशी: कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा. त्या दोनच वेळा जेवा. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा चालेल. गोड कमी करा, प्रथिने वाढवा, रोज ४५ मिनिटे चाला. यामागचे कारण असे सांगितले जाते, की काहीही खाल्ले की स्वादुपिंडातून इन्सुलिनचे एक माप पाझरते. त्यानंतरच्या ५५ मिनिटांत आणखी खाल्ले तरी दुसरे माप पडत नाही. इन्सुलिन हे चरबी साठवणारे संप्रेरक आहे, तेव्हा मापे कमी पडली की चरबी वितळते आणि रक्तातील साखरही ताळ्यावर येते.

या पद्धतीचे गुण आधी सांगायला हवेत. ती फुकट आहे. तिच्यासाठी पावडरीचा डबा किंवा परदेशी फळ विकत घ्यावे लागत नाही. ती मराठीत, सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत मांडली गेली. 'पाहुण्याला चहाबरोबर काहीतरी दिलेच पाहिजे' या आपल्या रिवाजाला तिने पहिल्यांदा प्रश्न विचारला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. अशा देशात हे काम लहान नाही. माझा आक्षेप सल्ल्याच्या मोठ्या भागाला नाही. तो सल्ल्यामागे सांगितलेल्या कारणाला आहे.

माप खरेच पडते का?

एक सोपे गणित करू. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमध्ये ९० मिलिग्रॅम ग्लुकोज धरले, तर सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम ग्लुकोज होते. म्हणजे चहाचा एक चमचा साखर! १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. एवढा भात खाल्ला तरी रक्तात आहे त्याच्या सहापट ग्लुकोज आत यायला निघते. तरीही निरोगी माणसाची रक्तशर्करा थोडी वाढून दोन-तीन तासांत पूर्वपदावर येते. हे घडते कारण इन्सुलिन गरजेप्रमाणे कमी-जास्त सोडले जाते. घासभर भाताला आणि ताटभर भाताला एकच ठरावीक माप पडत असते, तर घासभर खाणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली असती.

गरज ओळखली जाते ती स्वादुपिंडातील बीटा पेशींमध्ये. ग्लुकोज पेशीत शिरते, जळते आणि त्यातून ऊर्जा देणारे एटीपी हे रेणू वाढतात. एटीपी वाढले की पेशीच्या पटलातील पोटॅशियमची दारे बंद होतात. त्यामुळे पटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची दारे उघडतात आणि इन्सुलिनने भरलेल्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. ग्लुकोज जास्त तर पिशव्या जास्त. पहिला लोंढा पहिल्या दहा मिनिटांतच येतो. पुढचा पाझर ग्लुकोज चढलेले असेपर्यंत चालू राहतो. रक्तात आलेले इन्सुलिन टिकतेही थोडेच, चार-सहा मिनिटांत त्यातले निम्मे नाहीसे होते. आणि आपण काहीच खात नसतो तेव्हाही, अगदी झोपेतसुद्धा, इन्सुलिन थोडे थोडे स्रवत असते. दिवसभरातल्या एकूण इन्सुलिनपैकी जवळजवळ निम्मे असे पाझरते. या यंत्रणेत ५५ मिनिटांनी वाजणारे घड्याळ कुठेच नाही.

खुद्द या पद्धतीतच एक विसंगती आहे. काहीही खाल्ले की पुरते माप पडत असेल, तर पातळ ताकालाही परवानगी नको. ती दिली आहे, कारण त्यात पोषक द्रव्ये फार थोडी असतात. म्हणजे 'किती' आणि 'काय' हे महत्त्वाचे आहे, हे नियम करणाऱ्यांनीही मान्य केलेले आहे. फक्त ते कारणाच्या मांडणीत उतरलेले नाही.

या प्रश्नावर थेट प्रयोगही झालेला आहे, तोही जुना. टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तो प्रसिद्ध केला. ७ निरोगी पुरुषांना दोन आठवडे रोजचे अन्न तीन जेवणांत दिले आणि दोन आठवडे तेच अन्न, तेवढेच, दिवसात १७ वेळा विभागून दिले. मापाचा सिद्धान्त खरा असता तर १७ वेळा खाणाऱ्यांचे इन्सुलिन कितीतरी वाढायला हवे होते. प्रत्यक्षात ते सरासरी जवळजवळ २८ टक्क्यांनी कमी झाले! प्रयोग लहान होता, हे खरे. पण 'खाण्याच्या खेपा वाढल्या की इन्सुलिन वाढते' हा नियम एवढ्यानेही मोडतो, कारण नियमाने सांगितले होते त्याच्या नेमके उलट घडले.

मग भूगोलाच्या बाई बरोबर ठरल्या का? तसेही नाही. दर दोन तासांनी खाल्ले की चयापचय जोमाने चालतो, असे त्या पक्षाचे म्हणणे. अन्न पचवण्यात थोडी ऊर्जा खर्च होते, साधारण खाल्लेल्या ऊर्जेच्या दहा टक्के. पण दहा टक्के हे एकूण अन्नाचे. दोन हजारांचे दहा टक्के एकदम काढा किंवा आठ तुकडे करून काढा, बेरीज दोनशेच येते. खेपांमुळे ऊर्जाखर्च वाढतो, याला १९९७ च्या एका प्रसिद्ध आढाव्यातही आधार सापडला नव्हता.

'इन्सुलिन म्हणजे चरबी' हे अर्धसत्य

इन्सुलिन चरबी साठवायला मदत करते आणि साठलेली चरबी फुटू देत नाही, हे खरे आहे. पण तेवढेच सांगणे म्हणजे कणगीत भात भरणाऱ्या माणसाला घरातल्या सगळ्या खर्चाचा दोष देण्यासारखे आहे. कणगी किती भरेल हे शेवटी शेतातून किती आले आणि घरात किती लागले यावर ठरते.

इन्सुलिन अजिबात नसेल तर काय होते? टाइप १ मधुमेहात तेच होते. १९२२ पूर्वी अशी मुले वर्ष-दोन वर्षांत खंगून जात. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, तेव्हा तो १४ वर्षांचा होता आणि त्याचे वजन अवघे २९ किलो होते. चरबी वितळवणे एवढेच ध्येय असेल तर इन्सुलिनचा अभाव ते पुरेपूर साधतो. मात्र माणूस उरत नाही.

इन्सुलिनची इंजेक्शने सुरू केलेल्या काही रुग्णांचे वजन वाढते, हेही खरे. ब्रिटनमधील एका मोठ्या आणि दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात दहा वर्षांनी इन्सुलिनवर असलेल्यांचे वजन साध्या उपचारांवरील रुग्णांपेक्षा सुमारे ४ किलोंनी जास्त वाढलेले दिसले. याचे एक कारण हिशेबाचे आहे. साखर बेताल असताना ग्लुकोज लघवीवाटे वाहून जाते आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर ४ किलोकॅलरी जातात. इन्सुलिनने ही गळती थांबते. आहार तोच ठेवला तर वाचलेली ऊर्जा अंगी लागते. पण त्याच अभ्यासात साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवलेल्या गटात डोळे, मूत्रपिंडे अशा ठिकाणच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले. 'इन्सुलिन जाड करते' एवढे अर्धे वाक्य ऐकून सुई बंद करणारा रुग्ण हे दुसरे अर्धे वाक्य गमावतो.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ६०९ जादा वजनाच्या माणसांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाने स्निग्ध पदार्थ कमी केले, दुसऱ्याने पिष्टमय. सुरुवातीला प्रत्येकाला ग्लुकोज पाजून अर्ध्या तासाने किती इन्सुलिन स्रवते तेही मोजले. वर्षाने एका गटाचे सरासरी वजन ५.३ किलोंनी, दुसऱ्याचे ६ किलोंनी घटले. हा फरक योगायोगानेही पडू शकेल एवढाच होता. आणि कुणाला कोणता आहार मानवेल हे त्याच्या इन्सुलिनवरून आधी सांगता आले नाही.

मग वजन उतरते ते कशाने?

परत शिक्षकखोलीत येऊ. दिवसात चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर: ४० ग्रॅम साखर, १६० किलोकॅलरी. दोन कपांबरोबर मिळून चार बिस्किटे: सुमारे १००. एक वडापाव: अडीचशे ते तीनशे. बेरीज पाचशेच्या वर गेली. मराठीच्या बाईंनी दोन जेवणांचा नियम घेतला आणि हे सगळे एका फटक्यात बंद झाले. नियम सोपा असल्याने तो पाळता आला. उष्मांक मोजण्याची कटकट नाही, मोह झाला की उत्तर तयार. या पद्धतीचे खरे यश इथे आहे. भूगोलाच्या बाईंच्या डब्यात बदाम आणि केळे आल्यामुळे त्यांचाही वडापाव आपोआप सुटला. दोघी वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचल्या.

दोन जेवणांच्या बाजूने असलेला एक चांगला प्रयोगही सांगायला हवा. प्राग येथे टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांना १२ आठवडे दिवसातून सहा वेळा आणि १२ आठवडे दोनच वेळा आहार दिला. दोन्ही वेळा रोजच्या गरजेपेक्षा ५०० किलोकॅलरी कमी. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहा खेपांत वजन २.३ किलोंनी घटले, दोन खेपांत ३.७ किलोंनी. म्हणजे दोन खेपांचा फायदा दिसला, पण वजनघटीचा मोठा भाग दोन्हीकडे समान होता आणि तो कमी खाण्याचा होता. शिवाय त्यांची दोन जेवणे म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण. आपल्याकडे पहिले जेवण दुपारी एक वाजता आणि दुसरे रात्री साडेनऊला झाले, तर तो प्रयोग आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

मधुमेहींनी आधी कोशिंबीर व कडधान्ये खावीत आणि भात-पोळी नंतर, हाही सल्ला डॉ. दीक्षित देतात. त्याला आधार आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१५ साली ११ रुग्णांवर केलेल्या छोट्या प्रयोगात भाज्या व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी खाल्ल्यावर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. पोट सावकाश रिकामे होते, म्हणून ग्लुकोज सावकाश येते. हे कारण मापाच्या गोष्टीपेक्षा साधे आहे आणि पुस्तकात त्याला अधिक जागा मिळायला हवी होती.

उपाय चालला ना? मग कारणाची उठाठेव कशाला?

हा प्रश्न मला त्या दिवशीच विचारला गेला. त्याचे उत्तर गणिताच्या सरांच्या थरथरत्या हातांत होते.

त्यांची गोळी सल्फोनिलयुरिया गटातली होती. ही गोळी बीटा पेशीतील पोटॅशियमची तीच दारे बंद करते, जी एरवी ग्लुकोज आल्यावर बंद होतात. त्यामुळे जेवण आलेले नसतानाही इन्सुलिन बाहेर पडते. सरांनी नाश्ता सोडला, 'आता माप पडणार नाही' असे मानले, पण गोळी आपले काम करत राहिली. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. आणखी उतरली तर शुद्ध हरपते. इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. ही पद्धत टाइप १ मधुमेहींसाठी आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी नाही, असे डॉ. दीक्षितही सांगतात. पण निरोप चार तोंडांतून फिरला की 'मापे कमी करा' एवढेच उरते. अपवाद गळून पडतात. कारण नीट सांगितले असते तर अपवाद पाठ करावे लागले नसते. ते समजले असते.

दुसरा मुद्दा 'मधुमेहमुक्ती'चा. वजन उतरल्याने टाइप २ मधुमेह माघार घेऊ शकतो, हे आता नीट सिद्ध झाले आहे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधील प्रयोगात रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या थांबवून तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० किलोकॅलरींचाच आहार दिला. वर्षाने त्यांच्यापैकी ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना आटोक्यात होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. १५ किलो किंवा अधिक वजन घटवणाऱ्यांत तर ते ८६ टक्के होते. हे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये आले. पण दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले. प्रयोगात मधुमेह होऊन सहा वर्षे झालेली नसलेलेच रुग्ण होते आणि इन्सुलिन घेणारे कुणी नव्हते. म्हणून 'मुक्ती' या शब्दापेक्षा 'माघार' हा शब्द बरा. माघार घेतलेला पुन्हा चालून येऊ शकतो.

आणि सगळ्यांना १५ किलो घटवायला जागा असतेच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, शरीरभारांक २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी दडलेली असते. त्याला नुसते 'कमी खा' सांगितले तर स्नायूही झिजतील. त्याला प्रथिने, चालणे, वजने उचलणे यांची जास्त गरज असू शकते. खेपांचा नियम हा फरक ओळखत नाही.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या मुलांना या वादातून विज्ञानाची पद्धत छान शिकवता येते. फळ्यावर दोन वाक्ये लिहा: 'या उपायाने गुण आला' आणि 'या कारणामुळे गुण आला'. पहिल्यावरून दुसरे सिद्ध होते का, हे मुलांना विचारा. मग पुढचे प्रश्न: गुण आला नाही ते लोक अनुभव सांगायला व्यासपीठावर येतात का? ज्यांनी उपाय केलाच नाही त्यांचे काय झाले, हे मोजले का? एकाच वेळी साखर सोडली, चालणे सुरू केले आणि खेपा कमी केल्या, तर यश कोणाच्या खात्यावर टाकायचे? आणि शेवटी: हे कारण खोटे असते तर काय दिसले असते? जेन्किन्स यांच्या १७ खेपांचा प्रयोग म्हणजे या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे. वरची साडेचार ग्रॅमची आकडेमोड मुलांनी स्वतः करावी; शिक्षकखोलीतल्या चहाचा हिशेबही त्यांच्याकडून करून घ्यायला हरकत नाही.

गणिताच्या सरांनी नंतर डॉक्टरांना भेटून गोळी बदलून घेतली. दोन जेवणे मात्र त्यांनी सोडलेली नाहीत, आणि मीही त्यांना सोडा म्हटले नाही. त्यांच्या खिशात आता ग्लुकोजची पुडी असते आणि ती कशासाठी आहे, हे ते विचारणाऱ्याला सविस्तर सांगतात.